आतल्या मोडेमसाठी बोललेला नवस

मी शांत स्वभावाची बाई आहे, आणि हे मी कुणालाही ओरडून सांगायला तयार आहे.

सांगायची वेळ आली ती आमच्या ह्यांच्यामुळे. मध्यंतरी आमच्या घरात जे काही झालं त्याला हे चारचौघांत 'हिचा तो प्रकार' म्हणतात. संगणक ह्यांचा, त्याच्या पोटात बसवलेला मोडेम ह्यांनी आणलेला, त्यात लिनक्स भरणारा मित्र ह्यांच्या ऑफिसातला, आणि प्रकार मात्र माझा. बायकोच्या नावावर काही करायचं म्हटलं की पुरुष वर्षानुवर्षं विचार करतात. प्रकार तेवढा हातोहात करून देतात.

म्हणून काय घडलं ते मीच लिहून काढते. वाचणाऱ्याने न्याय करावा. (न्याय माझ्या बाजूने झाला तर कळवावं. उलटा झाला तर मनात ठेवावा.)

आमची एकुलती एक लेक लग्न होऊन सातासमुद्रापलीकडे गेली. तिला मुलगी झाली. बाळंतपणाला मी जायचं हे ठरलेलं होतं, माझी बॅगसुद्धा भरून झाली होती. तेवढ्यात माझ्या कानाचं ऑपरेशन निघालं. डॉक्टर म्हणाले, ऐकू छान येईल, पण काही महिने विमानात बसायचं नाव काढू नका. माझ्या जागी विहीणबाई गेल्या. विहीणबाईंबद्दल माझ्या मनात काहीही नाही. जे आहे ते मी देवाला सांगून मोकळी झाले आहे.

लेक रोज संध्याकाळी फोन करायची. एकदा म्हणाली, "आई, बाळ अजून हसत नाही गं. झोपेत ओठ हलवते, पण माणसाकडे बघून असं हसत नाही. आता कधीही हसेल म्हणतात. तू कॅमेऱ्यावर दिसायला लागलीस ना, तर तुझ्याकडे बघूनच हसेल बघ."

झालं. ते वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं. नातीचं पहिलं हसू मला बघायचं होतं. आणि रांगेत माझ्या पुढे विहीणबाई आधीच उभ्या होत्या, बाळाला मांडीवर घेऊन.

ह्यांनी संगणकाला लावायचा कॅमेरा आणला आणि ब्रॉडबँडचा अर्ज केला. कंपनीचा माणूस आला, घरभर फिरला आणि म्हणाला, "मोडेम बाहेरचा हवा की आतला?"

"फरक काय?" मी विचारलं.

"बाहेरचा म्हणजे डबा. फोनच्या डबीजवळ ठेवायचा. त्याच्यावर हिरवे दिवे असतात, ते लुकलुकत राहतात. आतला म्हणजे कार्ड. संगणकाच्या पोटात बसतं. दिसत नाही, कळत नाही."

आता फोनची डबी आमच्याकडे मधल्या खोलीच्या भिंतीत आहे, आणि तिच्यापुढे देवाची फळी आहे. म्हणजे तो डबा देवाच्या शेजारी बसणार आणि रात्रंदिवस डोळे मिचकावणार. मी एवढंच म्हटलं, की देवाजवळ मी लावीन तो दिवा लागेल, दुसरा लागणार नाही. या सगळ्यात माझा सहभाग एवढाच. मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे त्याचाही उद्धार झाला.

तर कार्ड आलं. कंपनीच्या माणसाने भिंतीतल्या डबीला दुसरी दोन तोंडांची डबी लावली. एका तोंडातून फोनची वायर, दुसऱ्यातून संगणकाची. दोन्ही राखाडी, दोन्ही सारख्या जाड, जुळ्या बहिणींसारख्या. फळीमागून त्या कुठे कशा गेल्या ते त्यालाच ठाऊक. कार्ड पोटात बसवलं, सोबतची सीडी ह्यांच्या हातात दिली आणि "ही घाला, चालू होईल," असं सांगून तो गेला.

ह्यांनी सीडी घातली. नेमका तेव्हाच संगणकाला व्हायरस झालेला निघाला. हे ऑफिसात जाऊन सांगते झाले, आणि ऑफिसातून पेंग्विनला घेऊन आले.

पेंग्विन हा ह्यांच्या ऑफिसातला हिशेबनीस. त्याच्या शर्टाच्या खिशावर पेंग्विनचा बिल्ला, पाण्याच्या बाटलीवर पेंग्विन, स्कूटरच्या नंबराखाली पेंग्विन. लिनक्स म्हणून संगणक चालवणारी एक सिस्टिम असते, तिचं ते चिन्ह म्हणे. मी त्याला नावं ठेवत नाही. भक्ती मला कळते. फक्त माझा देव माझ्या फळीवर बसतो, लोकांच्या संगणकात शिरत नाही.

"वहिनी," तो म्हणाला, "हे जुनं सगळं काढून टाकू आणि लिनक्स घालू. व्हायरस नाही, कटकट नाही. लिनक्स म्हणजे स्वातंत्र्य."

"त्यात नात दिसेल का?"

"दिसणारच."

"मग घाला."

त्याने घातलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं पावसासारखी कोसळत होती आणि तो त्यांच्याकडे असा बघत होता, की मी आदराने पंखा वाढवला. सगळं आटोपल्यावर तो मागे रेलून बसला.

"झालं वहिनी. सगळं चालतंय. फक्त मोडेम तेवढा चालत नाही."

"मग काय काय चालतं?"

त्याने जरा विचार केला. "घड्याळ चालतं."

घड्याळ आमच्याकडे भिंतीवरही चालत होतं. पण मी शांत राहिले.

"साधी गोष्ट आहे," पेंग्विन म्हणाला. "कार्ड चालवायला ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम लागतो. तो लिनक्समध्ये येत नाही, वेगळा घ्यावा लागतो."

"कुठून?"

"इंटरनेटवरून."

"आणि इंटरनेट कशाने चालणार?"

"ड्रायव्हरने."

किल्ली आत ठेवून कपाट बंद करणाऱ्या माणसाला आपण वेंधळा म्हणतो. त्याच माणसाने ते कपाट इंग्रजीत बंद केलं, की तो तज्ज्ञ होतो. माझा संताप झाला नाही, पण हातातलं भांडं मी ओट्यावर जरा जोरात ठेवलं एवढं मला आठवतं.

"मी ऑफिसातून उतरवून आणतो," पेंग्विन म्हणाला. त्याने आणला. तो दुसऱ्याच आवृत्तीचा निघाला. दुसरा आणला. त्याला आणखी एक फाईल लागत होती, आणि ती फाईल होती इंटरनेटवर. रोज संध्याकाळी हा माणूस एक नवी सीडी घेऊन यायचा, आशेने घालायचा आणि चहा पिऊन जायचा. तिकडे लेक फोनवर विचारायची, "आई, झालं का चालू? बाळ आता टकामका बघायला लागलंय." मी म्हणायची, होईल हो. आणि फोन ठेवून संगणकाकडे अशी बघायची, की हे उठून मध्ये उभे राहायचे.

शेवटी मी देवाकडे गेले.

माझी पद्धत अशी आहे, की देवाकडे काही मागायचं तर आधी आपण काही सोडायचं. ह्यांच्या बढतीसाठी मी साखर सोडली, बढती झाली. लेकीच्या परीक्षेसाठी दुपारची झोप सोडली. ती पास झाली, मी अजून जागी आहे. छप्पर गळायचं थांबावं म्हणून टीव्हीवरची मालिका सोडली. (छप्पर थांबलं. मालिका अजून चालूच आहे म्हणतात.) त्यामुळे आता माझ्याकडे सोडण्यासारखं फारसं उरलेलं नाही. मागे एकदा हे म्हणाले होते, "तू राग सोडून बघ." जो मला येतच नाही तो मी सोडू कसा, हे मी त्यांना त्या दिवशी जेवणापासून झोपेपर्यंत समजावून सांगितलं होतं.

आणि सोडायचं म्हणजे आवडीचंच सोडायला हवं. कारलं सोडण्यात काय मोठेपणा? मी डोळे मिटले, आपल्याला सगळ्यात प्रिय काय ते शोधलं आणि सापडल्यावर माझंच मला रडू आलं. मी म्हटलं, देवा, नातीचा चेहरा त्या पडद्यावर दिसेपर्यंत मी लेकीचा आवाज ऐकणार नाही. फोनला हात लावणार नाही. बघ आता काय ते.

नवस कुणाला सांगायचा नसतो. सांगितला की त्याचा जोर जातो. म्हणून मी ह्यांनाही बोलले नाही.

पण माझा स्वतःवर काडीचा विश्वास नव्हता. फोन वाजला, पलीकडे लेक आहे हे कळलं, तर मी धावत जाऊन उचलणार हे मला पक्कं ठाऊक होतं. तेव्हा फोन वाजूच नये अशी सोय करायची मी ठरवलं. हे ऑफिसला गेल्यावर देवाची फळी पुढे ओढली. मागे डबीत त्या दोन राखाडी वायरी. फोन फळीच्या उजवीकडच्या टेबलावर, म्हणून मी उजवीकडची ओढली. टक् असा आवाज आला. माझ्या काळजातही तसाच आला. वायरीचं टोक मी देवाच्या जुन्या रेशमी फडक्यात गुंडाळलं आणि फळीमागे ठेवून दिलं.

संध्याकाळी फोन वाजला.

मी जागच्या जागी थिजले. हातातली पळी तशीच. हे आले, रिसीव्हर उचलला आणि बोलायला लागले, "हां बाळा, बोल." वायर काढलेल्या फोनवर. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. हे हसत होते, मान हलवत होते, मध्येच "खोकला बरा आहे का?" विचारत होते.

मी अडाणी नाही. मी विचार केला, की तवा गॅसवरून उतरवला तरी थोडा वेळ तापलेला राहतोच. तशी फोनमध्ये थोडी वीज उरली असेल. उद्यापर्यंत निवेल.

दुसऱ्या दिवशी फोन पुन्हा वाजला. तिसऱ्या दिवशीही. तेव्हा मला उलगडा झाला. मी नवस बोलले, वायर काढली, तरी देव फोन वाजवतो आहे. म्हणजे देव माझी परीक्षा बघतो आहे. तारेवाचून माझ्या लेकीचा आवाज घरात आणतो आहे, आणि म्हणतो आहे, बघू हिला राहवतं का. मी पदर डोक्यावर घेतला आणि फोनला लांबून नमस्कार केला. हे रिसीव्हर धरून माझ्याकडे बघतच राहिले.

"अगं, लेक आहे. ये की बोलायला."

मी मानेने नाही म्हटलं.

"का?"

आता काय सांगणार? मी आत जाऊन नळ सोडला, म्हणजे आवाज ऐकू येऊ नये. (नवा कान भलताच चांगला निघाला होता.) हे फोनवर हळू आवाजात म्हणाले, "ती जरा... कामात आहे." हा 'जरा' मला नळातूनही ऐकू आला.

इकडे पेंग्विनने मात्र बाजी मारली. एका संध्याकाळी आतून त्याचा आवाज आला, "चढला. ड्रायव्हर चढला." मी हात पुसत धावले. त्याने पडद्यावरची एकेक ओळ आम्हाला समजावून सांगितली. कार्ड सापडलं. ड्रायव्हर चढला. फाईल मिळाली. मग त्याचा आवाज हळूहळू खाली आला.

"लाईन सापडत नाही."

"म्हणजे?" हे म्हणाले.

"म्हणजे हे म्हणतंय, की टेलिफोनची लाईनच नाही." तो खाली वाकला, संगणकाच्या मागची वायर हलवून बघितली. ती घट्ट होती. "इथे तर आहे. आणि तुमचा फोन चालू आहे ना?"

"कालच लेकीशी बोललो," हे म्हणाले.

"मग लाईन जिवंत आहे. ड्रायव्हर खोटं बोलतोय." लिनक्समधलं काही खोटं बोलतं हे म्हणताना त्या माणसाचा चेहरा बघवत नव्हता. तो उठला. "वहिनी, एकदा भिंतीतली डबी बघून घेऊ का?"

तिथे फडक्यात माझा नवस गुंडाळलेला.

"देवाच्या फळीला हात लावायचा तर आंघोळ करून यावं लागेल," मी म्हटलं.

"आत्ता?"

"धूतवस्त्र मी देते."

पेंग्विनने स्वतःच्या पँटकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाला, "फोन चालतोय म्हणजे डबी ठीकच असणार म्हणा."

"अगदी," मी म्हटलं.

मग आम्ही दोघं, म्हणजे हे आणि मी, कंपनीच्या ऑफिसात गेलो. तिथल्या तक्रारखिडकीच्या काचेला बोलायचं भोक कमरेच्या उंचीवर पाडलेलं आहे. म्हणजे तक्रार करणारा आपोआप वाकतो, आणि बघणाऱ्याला वाटतं हा माफी मागायला आलाय. ज्याने ते भोक पाडलं त्याला कंपनीने नक्की बक्षीस दिलं असणार. मी वाकून सांगितलं, आमचं इंटरनेट चालत नाही.

आतला कारकून म्हणाला, "मोडेमवर लाईनचा दिवा लागलाय का?"

"मोडेम आत आहे."

"आत म्हणजे?"

"संगणकाच्या पोटात."

"मग दिवा दिसत नसेल."

"नाही ना दिसत."

"दिवा दिसल्याशिवाय मला पुढचं काही सांगता येत नाही, बाई. बाहेरचा डबा घेतला असता तर एका नजरेत कळलं असतं. आतला कुणी घ्यायला सांगितला तुम्हाला?"

हे माझ्याकडे बघत नव्हते. पण न बघण्याचेही प्रकार असतात.

"संगणकावर काय घातलंय?" त्याने विचारलं.

"लिनक्स," हे म्हणाले.

त्याने हातातलं पेन खाली ठेवलं. इलाज संपल्यावर डॉक्टर ठेवतात तसं. "आम्ही लिनक्सला सेवा देत नाही."

"लिनक्सला कोण द्या म्हणतंय?" मी भोकातून म्हटलं. "आम्हाला द्या. पैसे लिनक्सने भरलेत की आम्ही? माझी नात तिकडे हसायची थांबलीये माझ्यासाठी, आणि तुम्ही दिवा दिवा काय करताय?"

मागच्या रांगेतला एक माणूस म्हणाला, "मावशी, शांतपणे बोला."

"मी शांतच आहे," मी वळून म्हटलं. तो दोन पावलं मागे गेला.

कारकुनाने निमूटपणे कुठलीशी बटणं दाबली आणि म्हणाला, "तुमच्या भिंतीपर्यंत लाईन ठणठणीत आहे. भिंतीच्या आत तुम्ही काय करता ते तुमचं तुम्ही बघा."

परतताना मी बोलत होते. हे ऐकत होते. कंपनी कशी, कारकून कसा, लिनक्स कसं, पेंग्विन कसा, सगळ्या जगाने मिळून एका आजीविरुद्ध कसा कट केलाय, हे मी त्यांना पटवून दिलं. भाजीवाल्याच्या कोपऱ्यावर हे एकदाच म्हणाले, "तू लेकीशी का बोलत नाहीस?" आणि मी एकदम गप्प झाले.

सुट्टीच्या दिवशी पेंग्विन दुपारीच आला. येताना सीडी आणली होती, पण या सीडीवर पेंग्विन नव्हता. तो संगणकासमोर बसला आणि खिशावरचा बिल्ला काढून त्याने टेबलावर ठेवला.

"वहिनी, मी हरलो. जुनी सिस्टिम परत घालतो. बारा वर्षांत मी कुणाच्या घरी ही सीडी घातली नाही." "शेवटचं एकदा करून बघतो, नाही झालं तर घालतो."

मला त्याच्यावर चिडायचं होतं, पण तो बिल्ला बघून गलबलून आलं. आणि तेवढ्यात मधल्या खोलीत फोन वाजला.

ह्यांनी उचलला. थोडं ऐकलं. मग रिसीव्हर तसाच हातात धरून माझ्यापुढे आले. वायर ताणली गेली होती.

"ती रडतेय," हे म्हणाले. "म्हणते, आई माझ्यावर रागावलीय. सासूबाईंना बोलावलं म्हणून आईने बोलणं टाकलं. म्हणते, बाबा, मी सासूबाईंना परत पाठवते, पण आईला एकदा बोलायला सांगा."

मी कानांवर हात ठेवले. तरी रिसीव्हरमधून येणारं मुसमुसणं ऐकू आलंच, आणि त्याच्या मागे एक बारीकसं रडं. ते मी पहिल्यांदा ऐकलं. मी पळत मधल्या खोलीत गेले, ते थेट देवासमोर.

मी म्हटलं, देवा, पुरे झाली परीक्षा. मी नापास. तुझा फोन तू वायरीशिवाय वाजवतोस, तुझ्यापुढे माझं काय चालणार? साखर घेतलीस, झोप घेतलीस, पण लेकीला रडवून मला काहीही नको. ही तुझी वायर, तुझ्या डबीत परत घालते. पुढे तुला हवं ते कर.

फळी पुढे ओढली. फडकं सोडलं. टोक डबीच्या उजव्या तोंडात घातलं. टक्.

मी हात जोडले, आणि तेवढ्यात आतल्या खोलीत खुर्ची धाडकन मागे पडल्याचा आवाज आला.

"लाईन आली," पेंग्विन म्हणत होता. "अहो, लाईन आली. काही केलं नाही मी, नुसतं बघत बसलो होतो, आणि लाईन आली."

मी शरण गेले त्याच क्षणी. इतका तत्पर देव कुणी बघितला असेल तर सांगावं.

ह्यांनी लेकीला फोनवर सांगितलं, कॅमेरा लाव. मग जी धावपळ झाली ती विचारू नका. आणि थोड्या वेळाने त्या पडद्यावर आधी चौकोन दिसले, मग चौकोनांची एक मुलगी झाली, आणि ती माझी लेक होती. नाक लाल. बाजूला विहीणबाई, आणि विहीणबाईंच्या मांडीवर कपड्यांचं एक गाठोडं. गाठोड्याला डोळे होते, आणि ते थेट माझ्याकडे बघत होते.

"आई," लेक म्हणाली, "रागावलीस ना?"

"अगं वेडे, नवस होता," मी म्हटलं. आता बोलायला हरकत नव्हती. सगळे ऐकत होते, कधी नव्हे ते पेंग्विनसुद्धा. मी पदर सावरला आणि त्यांना सगळं सांगितलं. नवस कसा बोलले, फोनची वायर कशी काढली, आणि वायर काढलेला फोन रोज संध्याकाळी कसा वाजत राहिला. "तारेवाचून," मी म्हटलं. "ह्यांना बोलताना मी डोळ्यांनी बघितलंय. आणि आज हात टेकून वायर परत डबीत घातली, तोच इकडे लाईन आली. आता म्हणा देव नाही."

कुणी काहीच म्हटलं नाही. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मला वाटलं, भक्तीने गहिवरलेत.

मग लेक हळूच म्हणाली, "आई, कोणती वायर?"

"राखाडी."

"दोन्ही राखाडी आहेत," हे म्हणाले. अगदी शांतपणे.

"उजवीकडची. फोनच्या बाजूची."

पेंग्विन उठला, आंघोळ न करता मधल्या खोलीत गेला आणि फळीमागे डोकावून आला. त्याच्या चेहऱ्यावर असं तेज मी याआधी फक्त तसबिरीत बघितलं होतं.

"वायरी मागे एकमेकींवरून गेल्यात," तो म्हणाला. "उजवीकडची संगणकाची आहे. म्हणजे लिनक्स खरं बोलत होतं. पहिल्या दिवसापासून खरं बोलत होतं. लाईन नव्हतीच." त्याने टेबलावरचा बिल्ला उचलून डोळ्यांना लावला आणि मला वाकून नमस्कार केला. "वहिनी, तुम्ही माझी श्रद्धा वाचवलीत."

(माझ्या श्रद्धेचं काय झालं हे कुणीही विचारलं नाही. ती तशीच आहे. माझ्या हाताने माझाच नवस अडवून ठेवायला लावला आणि शरण जाताक्षणी सोडवला, हे काय साध्या देवाचं काम आहे?)

आधी ह्यांचे खांदे हलायला लागले. मग लेक हसायला लागली, डोळे पुसत, नाक ओढत, पूर्वी हसायची तशी. विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला, पण पोट हलायचं ते हललंच. पेंग्विन तर भिंतीला टेकला होता. एका बाईने लेकीसाठी इतकं सोसावं, आणि दोन देशांनी मिळून तिला हसावं. माझ्या रागाचा पारा, म्हणजे राग असता तर त्याचा पारा, टाळूपर्यंत चढला. मी पडद्याकडे बोट रोखलं आणि काही तरी बोलायला तोंड उघडलं.

तेवढ्यात त्या गाठोड्याने माझ्या तोंडाकडे टक लावून बघितलं. ओठ जरा वाकडे झाले. मग दोन्ही गालांना लहानशा खळ्या पडल्या आणि ते सगळं तोंडभर हसलं. थेट माझ्याकडे बघून.

"आई, हसली," लेक ओरडली. "तुला बघून हसली. पहिलं हसू."

मी काय सांगू? साखर, झोप, मालिका, सगळं त्या क्षणी वसूल झालं. माझ्या डोळ्यांपुढे पुन्हा चौकोन चौकोन दिसायला लागले, पण ते इंटरनेटचे नव्हते. मी मान उंचावून विहीणबाईंकडे बघितलं. बघितलं, एवढंच.

विहीणबाईंनी बाळाला शांतपणे उताणं केलं, पोटावर हात ठेवून दाबून बघितलं आणि गोड आवाजात म्हणाल्या, "हसू कसलं हो ते. पोटात वायू धरलाय सकाळपासून. वायू सुटला की अशीच तोंड वेडंवाकडं करते."

मी काही बोलले नाही. मी शांत स्वभावाची आहे. मी फक्त उठले आणि मधल्या खोलीच्या दिशेने चालू लागले, कारण आता कोणती वायर ओढायची हे मला पक्कं ठाऊक होतं.

पण हे माझ्या आधीच देवाच्या फळीसमोर जाऊन, दोन्ही हात पसरून उभे होते.